दाबके काकांचा नम्र नकार

आमच्या मजल्यावरच्या दाबके काकांनी स्वतःच्याच साठीच्या पार्टीचं आमंत्रण नाकारलं होतं. आम्ही शेजाऱ्यांनी हौसेने खालचा पार्टी हॉल बुक केला, अडीचशे दिरहमचा, म्हणजे जवळजवळ सहा हजार रुपयांचा केक आणला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर निमंत्रण टाकलं. लगेच काकांचं उत्तर आलं: "निमंत्रणाबद्दल आभारी आहे. नम्रपणे नकार. कार्यक्रमास शुभेच्छा."

कार्यक्रम कुणाचा? त्यांचाच! मी तणतणत त्यांच्या दारात गेले तर म्हणाले, "वैशाली, तुम्ही ग्रुपवर काय लिहिलंत? 'सर्वांना सस्नेह निमंत्रण'. सर्वांना म्हणजे कुणालाच नाही. बोलावणं नावानिशी पाहिजे. तत्त्वाचा प्रश्न आहे. खलास, विषय संपला."

शेवटी सत्कारमूर्तीशिवाय केक कापला. काकांची बायको, म्हणजे सुलभाकाकू, एकट्याच आल्या, हसून सगळ्यांशी बोलल्या आणि जाताना एक मोठा तुकडा डब्यात घालून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये काका मला म्हणतात, "केक जरा कोरडा होता हं." कप्पाळ!

तर असे हे आमचे दाबके काका. अबुधाबीच्या अल रीम आयलंडवरच्या आमच्या टॉवरमध्ये मराठी घरं मोजकी, पण प्रत्येकाला दर शनिवार-रविवारी कुणाला तरी जेवायला घातल्याशिवाय चैन पडत नाही. बारशी, हळदीकुंकू, वाळवंटात जाऊन कोळशावर पनीर जाळणं, सगळं चालू असतं. या सगळ्याला काकांचा नम्र नकार. बांधकाम कंपनीत टेंडरं भरण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे नकारसुद्धा टेंडर नाकारल्यासारखा, कारणासकट यायचा. "बुफे असल्याने नकार." "स्थळ लांब (रास अल खैमा) असल्याने नकार." एकदा तर "यजमानांनी मागच्या वेळी 'या ना' एकदाच म्हटल्याने नकार." काकू मात्र सगळीकडे जायच्या आणि डबा आणायच्या. काका घरी बसून त्या डब्याचं परीक्षण करायचे. माझा नवरा सुहास म्हणतो, अबुधाबीतल्या झाडून सगळ्या मराठी स्वयंपाकघरांची चव माहीत असलेला हा एकमेव माणूस, आणि त्याने एकाचाही उंबरठा ओलांडलेला नाही.

त्यांचा मुलगा निहार. इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला, मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवून आम्हाला बहिरं करणारा. तो शिकायला अमेरिकेत गेला आणि कॉलेजच्या बँडमध्ये शिरला. गणवेश घालून, छातीवर पिंपाएवढा ड्रम अडकवून मैदानात कवायत करत वाजवायचं. हा बँड म्हणजे कॉलेजच्या फुटबॉल टीमची सावली. टीम जिथे जाईल तिथे बँड जाणार.

झालं! काकांनी साठाव्या वर्षी अमेरिकन फुटबॉलचा अभ्यास सुरू केला. तिकडची दुपार म्हणजे आपली रात्र, म्हणून ते मॅच रेकॉर्ड करून ठेवत आणि रविवारी सकाळी पोहे खात बघत. तोवर फोनला हात लावायचा नाही, निकाल कळता कामा नये. निहारलाही ताकीद होती, मॅच बघून होईपर्यंत फोन करायचा नाही. रविवारी सकाळी आमच्या भिंतीतून आवाज यायचा, "डावीकडे! अरे डावीकडे घे! गाढवा, डावीकडे!"

सुहासला वाटायचं काका खेळाडूंना शिकवतायत. "काय पण डोकं आहे," तो कौतुकाने म्हणायचा. "सगळा खेळ कळतो त्यांना."

मागच्या नोव्हेंबरात मात्र काकांना वेगळंच वेड लागलं. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, स्विमिंग पूलच्या काठावर, जो भेटेल त्याला धरून ते विचारायचे, "मला सांगा, बाऊल गेमचं आमंत्रण आलं तर टीमने ते नाकारावं की नाही?"

आधी समोरच्याला बाऊल गेम म्हणजे काय ते सांगायला लागायचं. तिकडे मोसम संपला की अजिंक्यपदाशी काही संबंध नसलेल्या टीम्सनाही आमंत्रणं देऊन एकेक जादा सामना खेळवतात. अर्ध्या मॅचेस जिंकल्या की त्या पंगतीत बसता येतं. निहारची टीम नेमकी काठावर होती. शेवटची मॅच जिंकली की अर्ध्या जिंकून झाल्या आणि आमंत्रण येणार.

"आणि आलं तर घ्यायचं नाही!" काका लिफ्टचं बटण दाबून धरत, दार बंदच होऊ द्यायचे नाहीत. "निम्म्या हरल्या की हो! कसला सत्कार? यजमान जेवले, मानकरी जेवले, मग कुणीतरी हाक मारायची, अहो तुम्ही पण बसा, भात शिल्लक आहे. बसायचं त्या पंगतीला? आणि नाव काय, तर बाऊल. म्हणजे वाडगा! प्रायोजक कोण, तर गाद्या विकणारी कंपनी. मुलांच्या परीक्षा तोंडावर, पायात गोळे आलेले, आणि यांना गाद्या खपवायच्यात."

आमची ईरा बारा वर्षांची. ती म्हणाली, "बट अंकल, इट्स लिटरली अ फ्री ट्रिप. व्हाय वुड दे से नो?"

"फुकट आहे म्हणूनच," काका म्हणाले. "तत्त्वाचा प्रश्न आहे. यल्ला, बाय." आणि बटण सोडलं.

एवढ्यावर थांबले असते तर ते दाबके कसले! त्यांनी कॉलेजच्या क्रीडा विभागाला ईमेल केली. सोबत आमंत्रण नाकारण्याचा अस्सल मसुदा, खाली फक्त सही करायची जागा मोकळी ठेवलेली. आयुष्यभराचा अनुभव ओतला होता त्यात. उत्तरादाखल पुढच्या मोसमाच्या तिकिटांवरच्या सवलतीची जाहिरात आली. काकांनी तिलाही नम्रपणे नकार कळवला.

आता हे सगळं तत्त्वासाठी नव्हतं हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं. निहार दीड वर्ष घरी आलेला नव्हता. उन्हाळ्यात त्याची इंटर्नशिप होती, म्हणून तेव्हाही येणं हुकलं. आता डिसेंबरच्या सुट्टीचं तिकीट काढलं होतं. टीम बाऊलला गेली की बँड जाणार, बँड गेला की निहार जाणार, आणि सुट्टी तिथेच संपणार. काकूंनी हे मला भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. काकांनी मात्र कुणापुढे चकार शब्द काढला नाही. मुलगा हवाय असं म्हणणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून एका अख्ख्या देशाच्या खेळपद्धतीवर तुटून पडले होते.

त्या शेवटच्या मॅचच्या रविवारी सकाळी मी इडल्या द्यायला म्हणून गेले. म्हणजे खरं सांगायचं तर मला बघायचंच होतं. काका सोफ्याच्या टोकावर, हातात पोह्यांची बशी, पोहे गार. काकू देवापुढे. म्हणजे एकाच घरात एकजण पोराची टीम हरावी म्हणून श्वास रोखून बसलेला आणि दुसरी नुसतंच "जे होईल ते बरं होऊ दे" म्हणतेय.

"डावीकडे!" काका ओरडले. "डावीकडे घे की!"

मैदानात तर सगळे उजवीकडे पळत होते. मी काकूंना हळूच विचारलं, "डावीकडे काय आहे?"

"बँड," काकू म्हणाल्या. "बँड डावीकडे बसतो. हे कॅमेरावाल्याला सांगतायत."

मध्यंतराला बँड मैदानात उतरतो, पण तेव्हा टीव्हीवर जाहिराती लागतात. तीन-तीन तास हा माणूस दर रविवारी बसायचा, कॅमेरा चुकून कधी डावीकडे वळेल म्हणून. व्हिडिओ कॉल व्हायचे, पण त्यात निहारचं नुसतं कपाळ आणि वरचा दिवा दिसायचा. अख्खा मोसम गेला आणि काकांच्या पदरात काय पडलं होतं, तर एक ड्रमची कड आणि एक कोपर. "कोपर निहारचंच," असं त्यांचं ठाम मत होतं.

निहारची टीम शेवटच्या मिनिटाला जिंकली.

काकांनी बशी खाली ठेवली. "चांगले खेळले," म्हणाले. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि टीव्ही बंद केला.

आठवडाभर ते लिफ्टमध्ये एक अक्षर बोलले नाहीत. मलाच चुकल्यासारखं होऊ लागलं. पण मग चक्रं फिरली. आमंत्रण आलं, आणि त्याच दिवशी टीमचा कोच दुसऱ्या कॉलेजात निघून गेला. त्यात निम्मे चांगले खेळाडू जखमी. आता आमंत्रण घ्यायचं का नाही यावर टीममध्ये मतदान होणार अशी बातमी आली, आणि सूर नकाराचा होता. म्हणजे काकांच्या मनात होतं तेच! सुहास म्हणाला, "चला, काकांचं अभिनंदन करून येऊ."

आम्ही गेलो तेव्हा निहारचा व्हिडिओ कॉल चालू होता. नेहमीप्रमाणे कपाळ आणि दिवा.

"बाबा, यू वेअर राइट. मोस्टली डिक्लाइन करतील," निहार म्हणाला. "सो मी येतोय. हॅपी?"

"वा!" काका म्हणाले. मग जरा थांबून, "तुझा आवाज असा का?"

"काही नाही बाबा."

"निहार."

"लास्ट इयर आहे ना माझं. बाऊल वॉज माय लास्ट चान्स वाजवायचा. कॉलेज संपलं की ड्रम परत द्यायचा. इट्स ओके. आय वॉन्ट टू कम होम ऑल्सो. खरंच."

मी काकांकडे बघत होते. नुसतं "ये" म्हणायचं होतं. पडत्या फळाची आज्ञा! पोरगा स्वतःहून येतो म्हणतोय, टीम नाही म्हणतेय, तत्त्वही शाबूत राहतंय. आणखी काय पाहिजे माणसाला?

"बँडला मत आहे का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग मत असलेल्या मुलांना जाऊन भेट. त्यांना सांग, बोलावणं नावानिशी आलंय. टीमचं नाव घालून आलंय. 'सर्वांना सस्नेह' नाही. असल्या बोलावण्याला नाही म्हणू नये."

"बट बाबा, तुम्हीच तर..."

"मी काय वाट्टेल ते बोलतो. माझं काय ऐकायचं? घर कुठे पळून जात नाही, तू वाजवून ये. तिकिटाचं मी बघतो. खलास, विषय संपला."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेले कप पुन्हा धुवायला लागले. काकू म्हणाल्या, "अहो, ते स्वच्छ आहेत." काका म्हणाले, "असू देत." सुहासला अभिनंदन करायचं होतं, त्याने नुसता नमस्कार केला आणि आम्ही निघून आलो. घरी आल्यावर मी रडले. उगीच का लपवू?

दुसऱ्या दिवशी लिफ्टचं बटण पुन्हा दाबून धरलेलं. "आमंत्रण नाकारणं हा शुद्ध उद्धटपणा आहे!" काका गरजत होते. "आज हरलेल्याला बोलावलं तर उद्या तो जिंकेल. मुलं वर्षभर राबली, चार माणसांनी बघायला नको?"

"काका," सुहास म्हणाला, "तुमच्या तत्त्वाचं काय झालं?"

"तत्त्व तेच आहे. मी बाजू बदलली."

क्रीडा विभागालाही ईमेल गेली: कृपया माझ्या आधीच्या ईमेलकडे दुर्लक्ष करावे. टीमने आमंत्रण स्वीकारलं तेव्हा ते आपल्या ईमेलमुळेच, अशी काकांची आजही समजूत आहे. ती आम्ही कुणी मोडलेली नाही.

आणि मग डिसेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा शर्ट घालून.

"वैशाली, सुहास आणि कुमारी ईरा," ते म्हणाले, "उद्या सकाळी आमच्याकडे मॅच बघायला यायचं. नक्की या. नाश्त्यालाच या. वाट बघतो."

"ॲम आय ऑल्सो इन्व्हायटेड?" ईराने विचारलं.

"नावानिशी," काका म्हणाले.

सुहास गंभीर चेहरा करून म्हणाला, "निमंत्रणाबद्दल आभारी आहे. नम्रपणे..."

"ए हबीबी, गप्प बस," काका म्हणाले, पण हसले. आणि पुढची बेल वाजवायला गेले. मजल्यावरच्या एकूण एक मराठी घरात गेले.

सकाळी दारातच परात मांडलेली. प्रत्येकाने आपला फोन परातीत ठेवायचा, निकाल कुणी फोडता कामा नये. टेबलावर कोथिंबीर वडी, साटोऱ्या, खव्याच्या पोळ्या. सगळं निहारच्या आवडीचं, तो येणार म्हणून काकूंनी आधीपासून ठरवलेलं. काका प्रत्येकाच्या मागे लागून वाढत होते. ज्या माणसाने जन्मात कुणाचा आग्रह ऐकला नाही, त्याने आम्हाला नाकापर्यंत खायला घातलं.

मॅच सुरू झाली आणि निहारची टीम सपाटून मार खायला लागली. काका ओरडले, "डावीकडे!" मग सुहास ओरडला, "डावीकडे!" मग ईरा, मग आम्ही सगळेच. समोरच्या फ्लॅटमधलं केरळी कुटुंब दारातून डोकावलं, तर काकांनी त्यांनाही आत ओढून वड्या दिल्या. तेही थोड्या वेळाने ओरडायला लागले.

कॅमेरा हट्टाने उजवीकडेच. मध्यंतराला जाहिराती, सगळ्या गाद्यांच्या.

टीम हरली. मी उठणार होते, तेवढ्यात हरलेले खेळाडू हेल्मेट काढून मैदानातून सरळ डावीकडे चालत गेले. बँडसमोर जाऊन उभे राहिले. कॉलेजचं गीत सुरू झालं, आणि कॅमेरा पहिल्यांदा पूर्ण डावीकडे वळला.

निहार होता. डोक्यावर तुरा, छातीवर तो ड्रम, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि वाजवतोय. कपाळ नाही, कोपर नाही, डोक्यापासून बुटांपर्यंत सगळा निहार.

काका उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

"बारीक झालाय," ते म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या.

चित्र बदललं, गाद्या आल्या. काका तसेच उभे. सुहासने रिमोट उचलला आणि कुणी न सांगता मॅच मागे नेली. पुन्हा हेल्मेट निघाली, पुन्हा गीत, पुन्हा निहार.

"अजून एकदा," काका म्हणाले.

परातीत आमचे फोन वाजत होते. एकही जण उठला नाही.