पान तेवीसचा प्रयोग

बालविज्ञानाच्या पुस्तकाला पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा लेखकांच्या घरात पहिल्यांदाच ते कुणीतरी वाचलं. वाचणारी होती त्यांची नऊ वर्षांची लेक. वाचून थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिने पान तेवीसचा प्रयोग केला, तोही दुपारी झोपलेल्या आजीच्या डोक्यावर.

किंकाळी ऐकून लेखक धावत आले. "अगं, हे काय केलंस?"

"तुम्हीच तर लिहिलंय बाबा! 'ग्लास काठोकाठ भरा. झटकन उलटा करा. हवेच्या दाबामुळे थेंबही सांडणार नाही.'"

लेखकांनी पान डोळ्यांजवळ नेलं. ग्लास उलटा करण्याआधी त्यावर पुठ्ठा दाबून धरायचा असतो. कुठल्याशा जुन्या पुस्तकातून उतरवून घेताना पुठ्ठ्याचं वाक्यच गळलं होतं. तीन परीक्षकांनी मात्र 'काटेकोर शास्त्रीय मांडणी' असा शेरा मारला होता.

"एकदा तरी करून बघायचं होतंत," आजीचे केस पुसत बायको म्हणाली.

"लेखकाने लिहायचं असतं. करून बघायला वाचक असतात!"

तरी धास्तावून त्यांनी प्रकाशकाला फोन लावला. प्रकाशक शांतपणे म्हणाला, "समारंभ होईपर्यंत गप्प बसा. पुरस्कार मिळालेलं पुस्तक वाचतंय कोण?"

समारंभात परीक्षकांचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. निवृत्त प्राध्यापक, कडक इस्त्रीचे पांढरेशुभ्र कपडे. "हे पुस्तक मी तीनदा वाचलंय," ते म्हणाले. "यातला पान तेवीसचा प्रयोग तर नातवंडांना नेहमी करून दाखवतो. थांबा, आत्ताच दाखवतो!" त्यांनी पुस्तक उघडून तिथल्या तिथे ते पान वाचलं आणि टेबलावरचा ग्लास काठोकाठ भरला.

लेखक ताडकन उठले. हातातलं मानपत्र पुढे करत म्हणाले, "सर, निदान हे तरी वर धरा!"

"अहो, भिजेल ते!" म्हणत अध्यक्षांनी ग्लास स्वतःच्याच डोक्यावर उलटा केला.

पहिल्या रांगेतून लेक ओरडली, "आमच्याकडेही अस्संच झालं होतं!"

अध्यक्षांच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. पुस्तक वाचलं नाही हे कबूल करायचं, की आणखी काही? त्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला.

"पाहिलंत, बालमित्रांनो? पुस्तकातलंही डोळे मिटून मानायचं नसतं. हे शिकवायला लेखकांनी ही चूक मुद्दाम ठेवली आहे!"

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती प्रकाशकाने. मग सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. लेखकांनी नम्रपणे मान झुकवली; दुसरं करणार काय?

आठवड्याभरात प्रकाशकाचा फोन आला. "पहिली आवृत्ती संपली! दुसरीत 'चुका शोधा' अशी स्पर्धाच ठेवू. पण एका चुकीवर भागायचं नाही. आणखी दहा-बारा घालता येतील?"

लेखक डोकं खाजवू लागले. शेजारी लेक पेन्सिल घेऊन पुस्तकावर वाकली होती. तिने मान वर केली.

"घालायला कशाला हव्यात, बाबा? सतरा आहेतच. आणि मी अजून निम्म्यातच आहे."