गिअर आपल्याच हातात

"गाडी माझी, डिझेल माझं, मंग गिअर टाकनारी ती कोन?"

केसरीनाथ पाटलांनी हा सवाल इतक्यांदा केला होता, की दिघाशीतले लोक त्यांना लांबून बघूनच "बरोबर हाय, शेठ!" म्हणत आणि सटकत. २००५ साली त्यांची थोडी जमीन गोदामात गेली आणि दारात एक जुनी परदेशी गाडी आली. ऑटोमॅटिक! गिअर आपोआप बदलायचे. क्लच नाहीच. त्यांचा डावा पाय सासरी मुक्कामाला आलेल्या जावयासारखा नुसता बसून!

शेवटी ते भिवंडीतल्या विकी मेकॅनिककडे गेले.

"टेन्शन नको, शेठ," विकी म्हणाला. "आत तेलाच्या दाबावर गिअर बदलणारा एक डबा असतो. त्याचं डोकंच फिरवतो! मग तुम्ही दांडा हलवाल तेव्हाच गिअर पडणार. एकदम फटाक से!"

"फटाकच पायजे!"

बायको कमळा वैतागली. "अवो, रविवारी मनालीला बघायला पावनं येतान. चांगली चालतेय गाडी, कशाला तिचं पोट फाडता?"

"पावन्यांना कळू दे, या घरात कोन कोनाचं ऐकतं ते!"

रविवारी अकलोलीचे सावळाराम म्हात्रे आणि तुळजाबाई एसटीने आले. त्यांचा मुलगा कुणाल मोटरसायकलवर आला. पोहे झाले, बोलणी झाली. "विचार करून कळवतो," सावळाराम म्हणाले. पण केसरीनाथ त्यांना एसटीने परत जाऊ देतात होय! "चला, वज्रेश्वरीला दर्शन घेऊ, तिथून घरी सोडतो!"

सावळाराम पुढे बसले. तुळजाबाई, कमळा आणि मनाली मागे. कुणाल मोटरसायकलवर पाठोपाठ. केसरीनाथांनी दांडा ओढला. फटाक! गाडीने अशी उडी मारली, की सावळारामांची टोपी काचेवर जाऊन आपटली. दुसरा गिअर. फटाक! मागे तुळजाबाई कमळाच्या मांडीवर!

"गाडीला काय झालंय?" सावळारामांनी घाबरून विचारलं.

"काय न्हाय! ही ताकद हाय!"

चौथ्या फटाक्याला मात्र खालून "खर्रर्र" असा आवाज आला आणि ताकद संपली. पहिला गिअर टाकला, गाडी ढिम्म. दुसरा, तिसरा, तेच! चिडून त्यांनी रिव्हर्स टाकला, तर गाडी झोकात मागे निघाली!

"पप्पा, रिक्षा बोलवू," मनाली म्हणाली.

"रिक्षा? माझ्या पावन्यांना? बसा सगली!"

त्यांनी मागे-मागेच नेत गाडी गोल वळवली, तिची पाठ वज्रेश्वरीकडे केली आणि मान मागे वळवून निघाले. रिव्हर्समध्ये!

"अवो, उलटी चाललीय!" कमळा ओरडली.

"गाडी उलटी न्हाय! आपन उलटे बसलोय!"

मागच्या काचेतून सगळा रस्ता मनालीलाच दिसत होता. "डावीकडं, पप्पा! म्हैस हाय! आता सरळ! हळू, हळू!" कुणाल मोटरसायकल पुढे काढून हॉर्न वाजवत वाट मोकळी करत होता आणि मनाली काचेतून त्यालाच दटावत होती, "अवो, माझ्याकडं काय बघताव? समोर बघा!" तो निमूट समोर बघायचा. शेतातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. पोरांनी टाळ्या पिटल्या. केसरीनाथांनी सगळ्यांना हात केला! मान आखडली, घाम डोळ्यांत उतरला. पण गाडी थेट देवळाच्या पायऱ्यांशी नेऊनच थांबवली.

दर्शन झालं. सावळाराम पायरीवर टेकले आणि चेपलेली टोपी सरळ करत बसले. आता कमळाचा धीर सुटला. केसरीनाथांनाही पहिल्यांदाच शंका आली. या गाडीपायी पोरीची सोयरीक मोडली तर?

"पोरगी पसंत हाय," सावळाराम शेवटी म्हणाले. "तुमच्यासारख्या मानसाला जी वळवते, ती आमचं घर आरामात चालवंल. पन एक अट."

केसरीनाथांनी छाती पुढे काढली. "बोला!"

"वरात आमच्या टेम्पोतनं. तुमच्या गाडीतनं न्हाय."

केसरीनाथ आखडलेली मान तशीच तिरकी ठेवून म्हणाले, "मंजूर! पन टेम्पो मी चालवनार!"

तुळजाबाई अर्ध्या पायऱ्या उतरल्या होत्या. त्या तशाच मागे फिरल्या आणि देवीपुढे पुन्हा हात जोडायला वर गेल्या.