निकाल लागेपर्यंत

आमच्या लालबागच्या बिल्डिंगीत परबकाकांना सत्यनारायणाचा प्रसाद द्यायचा म्हणजे आधी उलटतपासणी. दारातच विचारणार, "तुमच्या घरात कुणी सरकारी टेंडर भरलंय?" अहो काका, माझा नवरा बँकेत, मी शिवणाचे क्लास घेते, आम्ही कसलं टेंडर भरतोय! "आणि माहेरचं कुणी?" तोवर शिरा गार.

निवृत्तीनंतर काका एका समितीवर आहेत. एखाद्या सरकारी खात्याने खरेदीचं कंत्राट एकाला दिलं आणि दुसऱ्याला वाटलं आपल्यावर अन्याय झाला, तर त्याची तक्रार या समितीपुढे येते. माणसं तीन, तिघंही त्या खात्याबाहेरची. "निवडणाऱ्यानेच तक्रार ऐकायची?" काका म्हणतात. "सासूचं गाऱ्हाणं सासूपुढेच? वा रे वा!" हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय, की ते आले की माझ्या सासूबाई उठून आत जातात.

तर झालं काय, दुसऱ्या मजल्यावरचे सावंतकाका हे त्यांचे लहानपणापासूनचे जिवलग. रोज संध्याकाळी कॅरम आणि शिव्या. सावंतांच्या मुलाचा शाळेचे बाक बनवायचा धंदा. त्याचं टेंडर डावललं, त्याने तक्रार केली आणि ती नेमकी काकांच्याच समितीकडे आली. काकांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "या प्रकरणात मी बसणार नाही." बरं, तेवढ्यावर थांबावं ना? छे! कॅरम बंद, बोलणं बंद. जिन्यात सावंत दिसले की हे पाठ फिरवून उभे.

"अरे, तू त्यात नाहीस ना आता?" सावंत एकदा ओरडलेच.

"बाकीचे दोघे माझ्याबरोबर डबा खातात. लोक काय म्हणतील? निकाल लागू दे."

निकाल राहिला बाजूला, सावंतांच्या छातीत दुखायला लागलं. परळच्या हॉस्पिटलात बायपास ठरली. सगळी बिल्डिंग भेटून आली, परबकाका सोडून. "जाव दे तेका," सावंत म्हणाले आणि कूस बदलून पडून राहिले. अस्सा राग आला मला काकांचा!

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी भेटून खाली उतरले, तर गेटपाशी बाकड्यावर काका! वॉचमन म्हणाला, "ये तो रोज आते हैं."

"काका, वर चला."

"निकाल नाही लागला गं."

"आणि उद्या काही झालं तर?"

त्यांचा चेहरा पडला. "सकाळपासून तोच विचार करतोय. पण मीच ठरवलेलं मीच कसं फिरवू?"

"मग मी ठरवते. मी बाहेरची. चला."

त्यांनी मला निरखून पाहिलं. "सावंताकडचं काही खाल्लं नाहीस ना?"

सकाळीच त्यांच्या सुनेच्या हातचे चार घावणे हाणले होते मी. "पाणीसुद्धा नाही," मी म्हटलं.

काका लिफ्टलाही थांबले नाहीत. धापा टाकत खाटेपाशी जाऊन उभे राहिले. सावंतांनी डोळे उघडले. "मेल्या, इतके दिवस खंय होतंस?"

"खाली," काका म्हणाले, आणि त्यांचा हात घट्ट धरून ढसाढसा रडले.