गोपाळरावांचा गोलू

आमच्या इमारतीतले गोपाळराव माणसाला लिफ्टमध्ये गाठतात आणि दार बंद झालं की मगच विचारतात, "सोंद ऊर कोणतं?"

सोंद ऊर म्हणजे आपलं मूळ गाव. बँकेच्या बदलीवर मी चेन्नईत आलो, तेव्हा "पुणे" म्हणून सुटायला गेलो.

"तें नोकरीचं. आजोबांचं सांगा की."

"वाई."

"वाईंत कोण्त्या आळींत?"

तोवर लिफ्ट पाचव्या मजल्यावर जाऊन खाली आली होती आणि माझ्या हातातली दुधाची पिशवी गळायला लागली होती.

ही चौकशी नुसती असती तर चाललं असतं. पण नवरात्रात इकडे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला गोलू म्हणतात, आणि गोपाळरावांचा गोलू हा साऱ्या इमारतीच्या मानेवरचं जू आहे. प्रत्येक बिऱ्हाडाने आपापल्या मुलखाची बाहुली आणायची, ती कुठल्या पायरीवर बसेल हे ते ठरवणार. गुवाहाटीचा मुलगा रोज शोळिंगनल्लूरला आयटीत जातो, रात्री दमून येतो. त्याला पिडून पिडून गेंडा आणायला लावला. मग गेंडा माणसांच्या वर की खाली, यावर दोन दिवस घालवले.

पायऱ्या विषमच पाहिजेत, हा रिवाज. यातच माझी कंबर गेली. तिसऱ्या मजल्यावर विजयवाड्याच्या बाई आणि चौथ्यावर वरंगळचे इंजिनिअर. पूर्वी दोघांत एक बाहुली चालायची. आता राज्यं वेगळी, तेव्हा इंजिनिअरसाहेबांना वेगळी पायरी हवी. एक वाढवली की सम होते, म्हणून दोन वाढवायच्या. सुतार बोलवा, फळ्या आणा, आणि वरच्या पायरीवर चादर अंथरायला स्टुलावर चढवा कोणाला, तर मला.

"राव, छताला टेकलं आता!" मी वरून ओरडलो.

"देश वाढतोय की. छत तेवढंच राहिलं, त्यास मी काय करूं?"

गोपाळराव तंजावरकडचे मराठी. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून इकडे आले. एग्मोरच्या रेल्वे ऑफिसात नोकरी झाली, बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी कॅनडात. घरात अजून मराठी, पण तमिळच्या चालीवर. वाक्य असं वर जाऊन थांबतं की आपण उत्तर द्यावं का ते कळत नाही. माझी मराठी मात्र त्यांना पटत नाही. "तुम्हीं लोक फार भरभर बोलतां. जेवण पळून जातंय काय?" असं ते मला, वाईच्या माणसाला, सुनावतात.

यंदा महाराष्ट्राच्या बाहुलीसाठी त्यांनी उन्हाळ्यापासून तगादा लावला. मी सुट्टीत गेलो तरी फोन. शेवटी वैतागून सावंतवाडीहून लाकडी बाहुली आणली. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये सगळी इमारत जमली होती, तळमजल्यावरच्या कामाक्षी मामी सुंडलाचे, म्हणजे फोडणीच्या उकडलेल्या हरभऱ्यांचे, द्रोण वाटत होत्या. मी बाहुली पुढे केली. गोपाळराव ती घेईनात.

"तुम्हींच ठेवा. तुमचं ऊर आहे."

माझं डोकंच फिरलं. "अहो, तुम्ही मराठी ना? इतकी वर्षं गोलू मांडताय, तर महाराष्ट्राची एक बाहुली तुम्हालाच नाही का ठेवता आली?"

गोपाळराव हळू बोलले. "एकदां बायकोस घेऊन पुण्यास गेलों होतों. दुकानांत बाहुली मागितली. दुकानदार हसला, म्हणाला, मद्रासचे काय तुम्हीं? आणि मग इंग्रजींत बोलूं लागला. ती बाहेर येऊन रडली. इथं आम्हांस सगळे मराठीकारर म्हणतात. तिथं मद्रासी. मग कोणाच्या पायरीवर ठेवूं मी?"

मला त्या दुकानदाराचा भयंकर राग आला.

गोपाळराव आत गेले. बाहेर आले ते हातात मातीची बाहुली घेऊन: नऊवारी नेसलेली, अंबाड्यावर रंगवलेला मोगऱ्याचा गजरा. लग्नात त्यांच्या बायकोने माहेरहून आणलेली. दर नवरात्रात ती कपाटातच ठेवून नवराबायको तिला हळदकुंकू वाहायची, कारण बाहेर ठेवली की कोणीतरी विचारणार, ही कुठली? साऱ्या इमारतीला जागा नेमून देणारा माणूस ती छातीशी धरून अकरा पायऱ्यांपुढे उभा राहिला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मामींकडे.

माझी बायको पुढे झाली. आमची बाहुली तिने पायरीवर ठेवली आणि शेजारी पदराने जागा पुसली.

"काका, आमची नवी आहे. तिला इथलं काही माहीत नाही. तुमची शेजारी असू दे, सांभाळून घेईल."

मामींना मराठी येत नाही. पण त्या कुंकवाची वाटी घेऊन आल्या.

गोपाळरावांनी बाहुली ठेवली. मामींनी तिला कुंकू लावलं तेव्हा गोपाळरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.