'सोडा' म्हटल्याशिवाय

हेडक्लार्कसाहेब निवृत्त होऊन तीन महिने झाले होते, पण वरून हुकूम आल्याशिवाय ते अजून कूसही बदलत नसत. आज ते कमरेपर्यंत उघडे, गार पाटीला छाती टेकवून एक्स-रेच्या खोलीत उभे होते. हल्ली जिना चढला की त्यांना लागलेली धाप तासभर ऐकू येई. फुप्फुसांचा फोटो स्वच्छ आला, तरच डॉक्टर त्यांना बायकोबरोबर डोंगरावर जाऊ देणार होते. बायको बाहेर बाकावर दुसरी कानटोपी विणत बसली होती. या सहलीसाठी ती बिचारी एकतीस वर्षं थांबली होती.

"मोठा श्वास घ्या," काचेआडून एक्स-रेवाली मुलगी म्हणाली. "आता रोखा. हलू नका. मी सांगेन तेव्हाच सोडा."

साहेबांनी श्वास रोखला आणि तिचा फोन वाजला.

"अगं ताई, सासूचं काय मनाला लावून घेतेस? सोड गं! सोड म्हणते ना!"

साहेब पेचात पडले. हुकूम तर आला, पण एकेरीत! उभ्या नोकरीत त्यांना कुणी अरे-तुरे केलं नव्हतं. हा हुकूम आपल्यासाठी नव्हे, असा शेरा त्यांनी मनातल्या मनात मारला आणि श्वास तसाच धरून ठेवला.

मग खोली हळूहळू दूर गेली. डोळे मिटले तसे साहेब आत शिरलेल्या हवेबरोबर निघाले. नाकातल्या केसांतून गाळून निघत, थोडी ऊब घेऊन, घशाशी अन्ननलिकेचं दार चुकवून ते श्वासनलिकेत उतरले. पुढे दोन वाटा फुटल्या, दोनाच्या चार, चाराच्या असंख्य. उलट्या झाडाच्या फांद्यांवरून तरंगत ते टोकाला पोचले, तर तिथे इवल्या इवल्या वायुकोशांचे घड. काय ती शांतता! रक्त रांगेने येई, प्राणवायू घेई, वापरलेली हवा परत करी आणि निघून जाई. ना कुरकुर, ना वशिला. असं ऑफिस आपल्या वाट्याला का आलं नाही, या विचाराने साहेबांचे डोळे पाणावले. बाहेर जायची परवानगी मात्र कुणी देईना.

"आणि जाऊबाई काय म्हणाल्या?" कुठूनतरी लांबून आवाज आला. साहेबांचे कान जांभळे पडले.

इतक्यात दार ढकलून बायको सुया-लोकरीसकट आत आली. आतून नेहमीची धाप ऐकू येईना, म्हणून ती विणकाम अर्धवट टाकून उठली होती.

"अहो! सोडा!"

आदरार्थी बहुवचन! साहेबांनी भुस्सकन श्वास सोडला आणि स्टुलावर बसकण मारली.

मुलीने जीभ चावली. "अगं बाई! बटण दाबायचंच राहिलं. काका, परत उभे राहा हं. श्वास घ्या..."

"घ्यायला तू सांग," लोकरीचा गुंडा काखेत मारून बायको काचेआड तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "सोडायला मी सांगते."