रकाना क्रमांक चौदा: शेवंड

कौंडण्यपूरच्या देवमनचे पोट वर्धा नदीतल्या मासळीवर चाले. त्याचा डोंगा, म्हणजे लाकडी होडी, कुजला, तेव्हा नव्या डोंग्यासाठी त्याने अमरावतीच्या जलजीव नोंदणी कक्षात रीतसर अर्ज केला. अर्ज निर्दोष होता. फक्त चौदावा रकाना कोरा होता: ‘शेवंड या प्राण्याचे स्थानिक नाव व नावाचा अर्थ.’

“बाबूजी, हे शेवंड काय चीज व्हय?”

कक्षातले कारकून केशवराव बाबूंनी मोबाइलवर फोटो दाखवला. “झिंग्याचा मोठा भाऊ. समुद्रात दगडाखाली दडून रायते. फॉर्म कोकणासाठी बनवला, तोच सगळीकडे धाडला.”

“मंग आमच्या नदीत नाई, असं लिवा ना.”

“‘नाई’ कॉम्प्युटर घेत नाई.”

तीन खेटे झाले. चौथ्या खेपेला देवमनचे डोके सटकले. फोटोतल्या लांबलचक मिशा पाहून तो म्हणाला, “लिवा, याले आमी सायेब म्हन्तो. अर्थ, मिशा मोठ्या अन् काम पडलं का सापडत नाई.”

केशवरावांनी गंभीरपणे टाइप केले. डोंगा मंजूर झाला.

नाव आहे म्हणजे प्राणी असणारच, असे वरिष्ठांनी ठरवले. कोणाला दिसला नाही, म्हणजे दुर्मिळ. दुर्मिळ म्हणजे संरक्षण आलेच. अकोल्याचे एक प्राध्यापक येऊन ‘साहेब’ या नावामागच्या लोकश्रद्धेवर दोन तास बोलले. मग काठावर फलक लागला: ‘साहेबांचा अधिवास. जाळे टाकण्यास सक्त मनाई.’ नवा कोरा डोंगा अंगणात पालथा पडला आणि इंदूबाई, देवमनची बायको, त्यावर मिरच्या वाळवू लागली.

“बाबूजी, म्या मजाक केली होती! आता लेकरायनं काय खावं?” देवमनला रडूच फुटले.

“मजाकीचा रकाना नाई,” केशवराव खरोखर हळहळले. “एक करा देवमनभाऊ. नदीत शेवंड नाई, असं एका शिकल्यासवरल्या मानसाच्या सहीनं लिवून आना. बंदी उठते.”

एवढेच? देवमन उड्या मारत निघाला. पार मोर्शीपर्यंत हिंडला. मास्तर, वकील, डॉक्टर, सगळे पोट धरून हसले, सरकारला शिव्या घातल्या, चहा पाजला. सहीचे नाव काढताच कोणाचा चष्मा घरी राहिला, कोणाचा मुलगा सरकारी नोकरीच्या यादीत निघाला.

“तुयं खरं हाय रे, पन आमचं नाव काहून मंधात घेतं?” मास्तर म्हणाले.

देवमन तो कागद घेऊन अजून फिरतो आहे. तुम्हीही इथवर हसलातच. वर्धेत शेवंड नाही हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे, आणि शिकलेले आहात हे तर उघडच आहे. सहीची जागा मोकळी आहे. पेन देऊ?