पेंटरचं बुजगावणं

पेंटरकडे एकच शब्द होता, आणि तो त्याने अख्ख्या बाजारपेठेला फुकट वाटला होता: बटबटीत.

"आपल्या हातून बटबटीत काम झालं नाही आणि होणारही नाही," हे तो दुकानांच्या पाट्या रंगवताना शिडीवरून ऐकवायचा. खालच्यांना ते ऐकावंच लागे, कारण शिडी त्यांनीच धरलेली असे. बटबटीत म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलंच तर कुंचला कानामागे खोचून सांगायचा, "आपण बघायच्या आधी जी वस्तू आपल्याकडे बघते, ती बटबटीत." न्हाव्याच्या आरशाची सोनेरी चौकट त्याने एकदा बटबटीत ठरवली, तर न्हाव्याने तिच्यावर कायमचा टॉवेल टाकला. डॉक्टरांच्या टेबलावरचा काचेचा हंस कपाटात गेला तो गेलाच. असा त्या शब्दाचा दरारा!

पण गिऱ्हाइकाला सौम्य पाटी गळी उतरवायची म्हणजे नुसता दरारा पुरत नाही. त्यासाठी पेंटरने एक युक्ती काढली होती. तिला तो बुजगावणं म्हणायचा. आधी पुठ्ठ्यावर एक भयंकर नमुना रंगवायचा, गुलाबी जमीन, शेंदरी अक्षरं, त्यांना पिवळी सावली, कोपऱ्यात पोपट. तो बघून गिऱ्हाईक दचकायचं, दोन पावलं मागे सरायचं आणि चाचरत म्हणायचं, "जरा साधं काही नाही का?" की पेंटर कपड्याआडून खरा नमुना काढायचा, पांढऱ्यावर निळी अक्षरं. गिऱ्हाईक सुटलो बुवा म्हणत हो म्हणायचं. बुजगावण्याने आजवर एकही पाखरू शेतात उतरू दिलं नव्हतं.

अशात त्याच्या सासूबाईंनी लोकरीचं आणि बटणांचं दुकान काढायचं ठरवलं, तेही पेंटरच्याच घराच्या तळमजल्यावर. म्हणजे पाटी लागणार ती थेट त्याच्या गॅलरीखाली, आणि कोपऱ्यात सही त्याची. पाटी चुकली तर शिडीवरून बोलायची सोय कायमची संपली. पण त्याला चिंता नव्हती. सासूबाई जन्मभर राखाडी कपडे घालणाऱ्या, चहासुद्धा आवाज न करता ढवळणाऱ्या. नियमाप्रमाणे त्याने त्यांच्यापुढे बुजगावणं ठेवलं. पोपटांच्या चोचीत, दुकानाला शोभेसं, एकेक बटण दिलं होतं.

सासूबाईंनी पाहिलं. पदर घट्ट ओढून घेतला. म्हणाल्या, "छान आहे."

"आई, चष्मा लावून बघा."

"लावूनच बघितलंय, जावईबापू. छानच आहे."

पेंटरचा हात कपड्याआडच्या खऱ्या नमुन्यापर्यंत गेलेला तिथेच थिजला. आता हा नमुना बाहेर काढायचा तर आधीचा वाईट होता हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं, आणि मग सासूला वाईट नमुना का दाखवला, याचं उत्तर बायकोला द्यायचं. त्यापेक्षा त्याने ठरवलं की औषधाचा डोस कमी पडला. अजून थोडी सुधारणा करतो म्हणून त्याने पुठ्ठा काखोटीला मारला.

दुसऱ्या नमुन्यात पोपट गेले आणि मोर आला. पिसाऱ्यात डोळ्यांच्या जागी बटणं, प्रत्येक अक्षर वेगळ्या रंगाचं, सगळ्यांना सोनेरी कड. तो वाळत ठेवला तेव्हा शेजारचा कोंबडा भर दुपारी आरवला म्हणतात. सासूबाईंनी खुर्चीची पाठ धरली आणि म्हणाल्या, "हे तर आणखी छान."

आता पेंटर इरेला पेटला. कोणतीही बाई काय वाटेल ते सोसेल, पण रंगवलेला स्वतःचा चेहरा सोसणार नाही, असा त्याचा हिशेब. तिसऱ्या नमुन्यात पुठ्ठा नव्हताच, आता थेट पत्राच घेतला. मध्यभागी हसऱ्या सासूबाई. गाल टोमॅटोसारखे, दात असे की मोजायला बसावं, डोक्यावर केसांऐवजी खरीखुरी लाल लोकर, भोवती आरशाचे तुकडे आणि उघडझाप करणारे दिवे. दिवे लागले तेव्हा पेंटर स्वतःच शिडीला धरून उभा राहिला.

सासूबाई बघतच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. जिंकलो, असं पेंटर मनात म्हणाला आणि खऱ्या नमुन्यावरचा कपडा ओढणार, एवढ्यात सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्यासाठी आजवर कुणी एवढं केलं नव्हतं. लावा हीच."

पाटी लागली. सही त्याने मुंगीएवढी केली होती, पण बायको खालून ओरडली, "अहो, नाव दिसत नाहीये!" भर रस्त्यात, दहाजण ऐकत असताना. पेंटरला सही मोठी करावी लागली.

न्हाव्याने येऊन पाटी पाहिली, परत गेला आणि आरशावरचा टॉवेल काढला. डॉक्टरांचा हंस टेबलावर आला. आणि समोरचा चष्मेवाला तक्रार घेऊन आला. त्याच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता कुणी वाचतच नव्हतं. लोक खिडकीतून पाटी वाचायचे आणि नजर उत्तम आहे म्हणून निघून जायचे. मोतीबिंदूवाला एक म्हातारा तर दातही मोजून गेला होता!

पेंटर आता तोंड लपवून मागच्या दाराने ये-जा करू लागला. तिथेच एका सकाळी त्याची सासूबाईंशी टक्कर झाली.

"तुम्ही मागून कशा, आई?"

सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "रागावणार नसाल तर सांगते. पुढून यायचं धाडस होत नाही हो. मी माझ्याकडेच बघून हसते, ते बघवत नाही."

"मग छान का म्हणालात?"

"लेकीने शपथ घातली होती. म्हणाली, कलावंत माणूस आहे, मनाला लावून घेतो आणि जेवत नाही. काय दाखवतील त्याला छान म्हण."

पेंटर पायरीवर बसला. मग त्याने बुजगावण्याची गोष्ट सांगितली. सासूबाईही शेजारी बसल्या, आणि दोघं इतकी हसली की वरून बायकोने डोकावून काय सांडलं म्हणून विचारलं. त्याच दुपारी जुनी पाटी उतरली आणि पांढऱ्यावर निळी अक्षरं चढली. पेंटरने सही झोकात केली. अब्रू परत आली.

फक्त गिऱ्हाईक आलं नाही. एक बाई नव्या पाटीखाली उभी राहून सासूबाईंनाच विचारू लागली, "इथलं बटणांचं दुकान कुठं गेलं हो?" शाळेत निघालेली पोरं, पाटीची खूण नसल्याने, तिथवर येऊन वळायला विसरली आणि सरळ पुढे गेली. लोकरीवर धूळ बसू लागली. शेवटी सासूबाई वर आल्या आणि चहा चांगला खळखळ ढवळत म्हणाल्या, "जावईबापू, मला माझे दात परत हवेत."

"आई, ती पाटी बटबटीत आहे!"

"मी विचार केलाय त्या शब्दाचा. दुसऱ्याच्या दुकानावर असतं ना, ते बटबटीत. आपल्या दुकानावर असलं की त्याला उठावदार म्हणतात."

अख्ख्या बाजारपेठेला शिकवूनही पेंटरला त्या शब्दाचा एवढा नेमका अर्थ सुचला नव्हता. त्याने मुकाट्याने शिडी लावली. संध्याकाळी दिवे उघडझाप करू लागले आणि दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी न्हावी आला. म्हणाला, "मलाही तसलंच बटबटीत करून द्या, पण दात जरा जास्त टाका."

आता पेंटरला उसंत नसते. शिडीवरून तो काही बोलत नाही, कारण तोंडात दिव्याची वायर असते. पण जुनी युक्ती सोडलेली नाही. गिऱ्हाईक आलं की आधी तो पांढऱ्यावरची निळी अक्षरं पुढे ठेवतो. गिऱ्हाईक दचकतं, दोन पावलं मागे सरतं. मग तो हळूच कपड्याआडून मोर काढतो.